अल्पवयीन मुलीचा गर्भपात : पोलिसांना कळवायचं, पण नाव द्यायचं का?

प्रश्न :
समजा १६ वर्षांची मुलगी आईबरोबर आली, ८ आठवड्यांची गर्भार. गर्भपात दोघींनाही हवा आहे, पण पोलिसांचं नाव निघताच आई उठते. पॉक्सोचं (१८ खालच्या मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम १९ म्हणतं पोलिसांना कळवा, एमटीपी कायद्याचं (गर्भपाताचा कायदा) ५-अ म्हणतं नाव फोडू नका. दोन्ही एकदम कसं पाळायचं? आणि सही कोणाची?

उत्तर १ :
कळवावं लागतंच, नाव मात्र रोखता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर कलम १९ खाली कळवताना डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही; पुढे फौजदारी खटल्यातही नाही. हे आईला तपासणीआधीच सांगा. ती उठून गेली तर मुलगी दुकानातून आणलेल्या गोळ्या कुणालाही न दाखवता घेईल, आणि जिवाला धोका तिथे आहे.

विनंती लेखी घ्या, दोघींच्या सहीने. पोलिसांच्या पत्रात वय, गर्भाचे आठवडे, तारीख आणि ‘विनंतीवरून ओळख दिलेली नाही’ एवढंच. शाळा, मोबाइल, आईचं नाव नको. लहान गावात वय आणि गाव मिळूनही मुलगी ओळखू येते, म्हणून गावही नको. पत्राची पोच आणि नोंद क्रमांक मागून घ्या. कलम १९(२) प्रमाणे नोंद क्रमांक पडायलाच हवा. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

उत्तर २ :
पोलिसांच्या पत्राची काळजी घेतली, तरी नाव आपल्याच कागदांतून बाहेर पडू शकतं. ते फक्त प्रवेश नोंदवहीत (फॉर्म ३) लिहायचं. केसपेपर, ओटी (शस्त्रक्रियागृह) रजिस्टर, फॉलोअप कार्डावर तिथला अनुक्रमांक. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत बंद लिफाफ्यात. अडतं ते सोनोग्राफीला : फॉर्म एफमध्ये (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचा अर्ज) नाव-पत्ता भरावाच लागतो. ती फाइल कुलपात ठेवा, आणि रिपोर्ट कुणाच्याही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बाहेर नाव पुकारणाऱ्या मावशींनाही आधी सांगून ठेवा.

उत्तर ३ :
सहीबद्दल. १८ खाली पालकाची लेखी संमती फॉर्म सी (संमतीपत्र) वर. ‘पालक’ म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती, त्यामुळे मुलगी आजीकडे किंवा मावशीकडे वाढत असेल तर त्यांची सही चालते. बालविवाह झाला असेल तर नवऱ्याची घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर १८ खालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच आहे, म्हणजे तो संभाव्य आरोपी. मुलीशी एकटीशी बोला. तिला नको असेल तर आईच्या सहीवर पुढे जाऊ नका.

प्रश्नकर्ता :
आणि महिन्याभराने आईला तक्रार करावीशी वाटली तर?

उत्तर १ :
तोवर पुरावा गेलेला असतो, म्हणून हा निर्णय गर्भपाताआधीच विचारा. तक्रार करायची असेल तर घरी गोळ्या देऊ नका, कारण डीएनए तपासणीसाठी गर्भाचं ऊतक हाती लागत नाही; दवाखान्यात सक्शन (नळीने गर्भ ओढून काढणं) करा. ऊतक नॉर्मल सलाईनने धुवा, फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं रसायन) अजिबात नको, त्यात डीएनए खराब होतो. सीलबंद डबा बर्फावर ठेवून लेखी पोच घेऊन पोलिसांकडे द्या. न्यायवैद्यक तपासणीला १२ वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची संमती लागते. ती नाही म्हणाली, तरी उपचार थांबवता येत नाहीत.