मदत हवी आहे: एक तारखेपासून कामावर, बाळ बाटली घेत नाही

नमस्कार मैत्रिणींनो,

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. 26 आठवड्यांची रजा मिळाली, पण त्यातली काही बाळंतपणाआधीच गेली. आता एक तारखेला रुजू व्हायचंय आणि साडेपाच महिन्यांची लेक फक्त अंगावर पिते. बाटलीचं बूच ओठाला लागलं की जिभेनं बाहेर ढकलते आणि मान वळवून मलाच शोधते.

घर राजारामपुरीत, दुपारी येऊन जाणं जमणार नाही. सासूबाई सांभाळतील, त्याची काळजी नाही. पण त्यांचं एकच, "कोल्हापुरात दुधाला काय तोटा हाय व्हय? गंगावेशीतनं म्हशीचं आणू, पाणी घालून पाजू." डॉक्टर म्हणतात, वर्षापर्यंत वरचं दूध नको. रोज हाच विषय.

ऑफिसात आम्ही दोघीच बायका. दूध काढायला जागा म्हणजे टॉयलेट, नाहीतर कडी नसलेली रेकॉर्ड रूम. फ्रीज मालकांच्या केबिनमध्ये! एवढ्या तासांत दूध टिकेल का? आणि मालकांकडे हा विषय काढू कसा?

प्रतिसाद १
बाटलीचा नाद सोड. बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजा, आणि तू समोर असताना नको, सासूबाईंनीच पाजायचं. तुझा वास आला की ती दुसरं काही घेणारच नाही. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास टिकतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यावर विसंबू नको. आइसपॅक घातलेल्या थर्मल बॅगेत दिवसभर राहतं, म्हणजे केबिनच्या फ्रीजची गरजच नाही. घरी फ्रीजमध्ये चार दिवस, दारात न ठेवता आत मागे. वर साय धरली तर नासलं समजून कुणी ओतून देऊ नका. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, उकळायचं नाही (हे सासूबाईंना दोनदा सांग).

प्रतिसाद २
मालकांना तोंडी नको, अर्ज दे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी कायद्यानंच आहे. कामगार 50 किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते. त्यात फक्त बायका मोजत नाहीत, सगळे धरतात. फौंड्रीत तेवढे असतीलच की. रेकॉर्ड रूमच्या कडीचं मात्र अर्जात नको, सुताराला बोलावून टाक.

धागाकर्ती
सगळे धरून 50 च्या वर नक्की आहेत. अर्ज आजच लिहिते. बोंडलं घरात आहे, नवऱ्याच्या लहानपणीचं, सासूबाई खूश होतील. पंप हाताचा घेऊ की इलेक्ट्रिक, कुणी वापरलाय?