मदत हवी आहे : मुलाच्या ऑटिझम तपासणीची तयारी कशी करावी?

आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाची श्रवणचाचणी व्यवस्थित आली असून, पुढील महिन्यात परळ येथे त्याची ऑटिझमसाठी तपासणी ठरली आहे. आयएसएए या भारतीय मापनपट्टीतील ४० मुद्दे मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी संवाद या दोन्हींवरून तपासले जातात, म्हणून पहिले शब्द, बोट दाखवणे, हाकेला ओ देणे यांच्या नोंदी आम्ही काढत आहोत. तो फिरत्या पंख्याकडे एकटक पाहतो, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली जातो. अशा प्रसंगांच्या चित्रफिती दाखवाव्यात का?

सासूबाई त्याला दिवसभर सांभाळतात, परंतु ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ यापलीकडे त्या काही ऐकून घेत नाहीत. त्यांना सोबत न्यावे, असे मला वाटते. यजमानांना मात्र ते पटत नाही. मुलाला आधी काय सांगावे? इंजेक्शन नाही, एवढे तर सांगणारच आहोत. कांदिवलीहून लोकलच्या गर्दीतून गेल्यास तो तिथे पोहोचेपर्यंतच बिथरेल, तेव्हा वेळ बदलून मागणे योग्य ठरेल का? ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.