मदत हवी आहे: हीटेड ग्रिप बसवल्यावर हँडल वळवलं की रेस वाढते, बॅटरीही उतरली (रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ मोटरसायकल, नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न तीन आहेत. पहिल्याची मला खरंच भीती वाटते आहे, म्हणून तो आधी.

गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की रेस आपोआप वाढते. सरळ केलं की खाली येते. उजवीकडे वळवल्यावर काही होत नाही. पहिल्यांदा हे लक्षात आलं ते सिल्लेवानी घाटात, एका तीव्र वळणावर. मी रेस सोडली होती आणि गाडी तरी पुढे ओढत होती. क्लच दाबला म्हणून निभावलं. त्या वळणाच्या आधी चार दिवसांपूर्वीच गाडीच्या हँडलला विजेवर गरम होणाऱ्या ग्रिप (मुठीवरची रबरी आवरणं) बसवल्या होत्या. त्याआधी हा त्रास कधीच नव्हता.

ग्रिप का बसवल्या तेही सांगते, कारण कुणीतरी ‘चांगले हातमोजे घ्या ना ताई’ असं म्हणेलच. हातमोजे आहेत, दोन जोड आहेत. मला रेनॉडचा त्रास आहे. थंडी लागली की बोटांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोटं आधी पांढरीफटक पडतात, मग निळसर, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकायला लागतात. हातमोजा शरीराची ऊब धरून ठेवतो. बोटांत रक्तच पोचत नसेल तर तो धरून काय ठेवणार? मागच्या डिसेंबरात सावनेरच्या पुढे गाडी थांबवून मी इंजिनजवळ हात धरून बसले होते. ब्रेकच्या लिव्हरवर बोटं आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं. डॉक्टरांनी गाडी सोडा असं म्हटलं नाही, हात गरम ठेवा म्हटलं. म्हणून हा खर्च.

नागपूरची थंडी ती कसली, असं बाहेरच्यांना वाटतं. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. आणि गाडीवर पारा बघून चालत नाही. हवा ५ अंश असेल आणि गाडी ८० ने जात असेल तर उघड्या कातडीला ती उणे ३ च्या आसपास जाणवते. आम्ही पहाटे पाचला निघतो, कोराडी, सावनेर, सौंसर करत छिंदवाडा, तिथून तामिया. छिंदवाड्यापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला पहिला दीड तास माझ्या बोटांसाठी सगळ्यात वाईट.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. ग्रिप शहरातल्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतल्या. (नाव घेत नाही, तिथल्या माणसाने बाकीची कामं नीट केली आहेत.) त्याने वायर थेट बॅटरीला जोडली. ‘ग्रिपला स्वतःचं बटण आहे, वेगळं काही लागत नाही,’ असं म्हणाला. तामियाच्या अलीकडे चहाला थांबलो. मी चावी काढली, ग्रिपचं बटण बंद करायचं राहिलं. पाऊण तासाने सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. या गाडीला किक नाही. एका ट्रकच्या क्लीनरने आणि माझ्या भाच्याने धक्का मारून चालू करून दिली. बॅटरीवर १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास लिहिलेलं आहे. ग्रिपच्या खोक्यावर पूर्ण गरमीला ४५ वॅट. शिवाय मी दोन एलईडी दिवे लावले आहेत, दोन्ही मिळून ४० वॅटचे. एवढं ओझं या गाडीला झेपेल का, की दिवे काढावे लागतील?

तिसरा प्रश्न त्यामानाने साधा. उजवी ग्रिप छान तापते, डावी कोमट राहते. डावीत दोष आहे का? परत पाठवायला आठच दिवस उरले आहेत.

पुढच्या रविवारी भाचा आणि मी घरीच अंगणात हे काम करायचं म्हणतो. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं. गाडीच्या वायरिंगला मात्र आजवर हात लावलेला नाही. कृपया नीट सांगा.

प्रतिसाद १ (हिंगणा)

ताई, रविवारपर्यंत ती गाडी बाहेर काढू नका. मी वीस वर्षांपासून गाड्यांचं वायरिंगच करून राहिलो, हा प्रकार पाहिलेला आहे.

उजव्या ग्रिपमधून निघणारी वायर रेससोबत फिरते. ती कुठंतरी फ्रेमला लॉकपट्टीनं (वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) आवळून बांधली असेल. हँडल डावीकडं वळलं की उजवी मूठ पुढं जाते, वायर ताणली जाते, आणि ताणलेली वायर मूठ फिरवते. म्हणून रेस वाढते. खात्री करायची तर हँडलपासून पहिली लॉकपट्टी कापा आणि परत वळवून बघा. रेस वाढली नाही तर वायरच होती. तरीही वाढली तर ॲक्सिलेटरची केबल बघा, स्विचचा डबा उघडताना ती आपल्या जागेवरून सरकली असेल.

वायर परत बांधताना घाई करू नका. हँडल पूर्ण डावीकडं, मूठ पूर्ण पिळलेली, अशा स्थितीत वायरला ढील राहिली पाहिजे. तेवढी ढील मोजून मगच पट्टी लावा, आणि पट्टी बोटानं सरकेल इतकीच आवळा. वायर ब्रेकच्या लिव्हरमध्ये किंवा हँडल वळताना टाकीजवळ चिमटत नाही हेही बघा.

अजून एक. ग्रिप आत जास्त ढकलून बसवली असेल तर ती स्विचच्या डब्याला घासते. दोन्ही टोकांना एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी. गाडी बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि हात काढून घ्या. टक् असा आवाज करत ती स्वतःहून परत आली पाहिजे. हँडल डावीकडं, सरळ, उजवीकडं, तिन्ही जागी हे करा. एका जागी जरी आळसावून परत आली तरी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मग गाडी चालू करून, न्यूट्रलला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस जराही हलता कामा नये.

प्रतिसाद २ (मनीष नगर)

बॅटरीचं मी सांगतो. थेट बॅटरीला जोडणं चूक नाही, पण मधे रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) हवा, म्हणजे चावी काढली की ग्रिप आपोआप बंद. चार पायांचा १२ व्होल्टचा साधा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीची धन वायर, मधे फ्यूज. ८७ वरून ग्रिपची धन वायर. ८५ अर्थिंगला. ८६ ला अशी वायर जिच्यात चावी लावल्यावरच करंट येतो. मी मागच्या दिव्याची पार्किंगची वायर घेतो. तिच्यावर ओझं पडत नाही, रिलेची गुंडाळी अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही. ग्रिपची ऋण वायर सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला न्या.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून हाताच्या वितीत हवा. लोक तो ग्रिपजवळ लावतात, पण वायर वाटेत कुठे सोलली गेली तर त्या फ्यूजचा काही उपयोग नाही. ४५ वॅट म्हणजे चार अँपिअरच्या आत, तेव्हा ५ चा फ्यूज पुरेल. वायर १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. सोल्डर केलंत तर जोडावर हीटश्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसणारी) चढवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधा, नाहीतर गाडीच्या थरथरीने जोड कडेला तुटतो.

दिवे काढायचे की नाही ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावून गाडी चालू करा. हेडलाइट, दोन्ही दिवे, ग्रिप पूर्ण गरमीवर. रेस थोडी वाढवल्यावर १३.५ च्या वर दाखवत असेल तर रस्त्यावर बॅटरी भरत राहील. १३ च्या खाली अडकत असेल तर बॅटरी हळूहळू रिकामी होते आहे. पाऊण तास इंजिन बंद आणि ग्रिप चालू म्हणजे तुमच्या ८ मधून जवळजवळ ३ अँपिअर-तास गेले. थंडीत सेल्फला बॅटरीचा जोर जास्त लागतो, तो उरला नाही.

प्रतिसाद ३

डाव्या ग्रिपबद्दल. परत पाठवण्याआधी दोन्ही ग्रिपचे प्लग काढून मल्टिमीटरने ओहम (तारेचा रोध) मोजा. दोन्ही आकडे सारखे असतील तर दोष नाही. उजवी ग्रिप प्लॅस्टिकच्या नळीवर बसते, डावी थेट लोखंडी हँडलवर. लोखंड ऊब ओढून घेतं आणि वाऱ्याला देऊन टाकतं. बसवण्याआधी डाव्या बाजूला हँडलवर हीटश्रिंकचा एक थर दिला असता तर फरक कमी झाला असता. आता चिकटवलेली ग्रिप ओढून काढू नका, आतली तापणारी तार तुटते.

त्यापेक्षा हँडगार्ड (मुठीपुढे वारा अडवणारी ढाल) लावा. ग्रिप तळव्याला ऊब देते, वारा मात्र बोटांच्या पाठीवर लागतो. ग्रिपचा निम्मा फायदा वाऱ्यातच जातो. कमी दिखाऊ पण जास्त कामाचा उपाय म्हणजे हँडलवर चढणारे कापडी मफ. ते लावले तर बटण मधल्या आकड्यावरही पुरतं, म्हणजे बॅटरीचं ओझंही कमी.

आणि ताई, माझ्या आईला रेनॉड आहे म्हणून सांगते. बोटं बधिर असताना एकदम पूर्ण गरमीवर हात ठेवू नका, चटका बसलेला कळत नाही. घरून निघतानाच कमी आकड्यावर चालू करा, बोटं पांढरी पडायची वाट बघू नका.

धागाकर्ती, रविवार रात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी आठला बसलो ते दुपारी दोनला उठलो.

पहिली लॉकपट्टी कापली आणि हँडल डावीकडे वळवलं. रेस हलली नाही. हिंगण्याच्या भाऊंनी सांगितलं तेच होतं. पट्टी इतकी आवळलेली होती की वायरच्या रबरावर खाच पडली होती, आणि ती खाच बघून माझ्या पोटात खड्डा पडला. तेवढा भाग कापून नवा जोड दिला, हीटश्रिंक चढवली. वायर आता हँडलच्या क्लॅम्पच्या पुढून मोठा वळसा घेऊन जाते. उजवी ग्रिप स्विचच्या डब्याला किंचित टेकत होती. ती अजून पूर्ण चिकटलेली नव्हती, पिळत पिळत बाहेर सरकवली. मूठ आता तिन्ही जागी टक् करून परत येते. भाच्याने हे वीस वेळा तरी करून बघितलं, मी थांबवलं नाही.

रिले बसवला. पार्किंगची वायर शोधायलाच तास गेला. चावी काढली की ग्रिपचा लाल दिवा विझतो, हे बघून फार बरं वाटलं. फ्यूज बॅटरीजवळ. सगळं चालू ठेवून मोजलं: मंद रेसला १२.९, थोडी रेस दिल्यावर १३.८. म्हणजे रस्त्यावर चालेल, पण फाटकावर किंवा सिग्नलला उभी असताना मी जादा दिवे बंद करणार. ओहम डावीचे ६.५, उजवीचे ६.४. ग्रिप परत पाठवत नाही. हँडगार्ड मागवले आहेत.

एकच राहिलं. आपल्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की हँडलला हात लावता येत नाही. पारा ४५ च्या वर जातो. उन्हाळ्यात या ग्रिप काढून ठेवायच्या का?

प्रतिसाद २ (मनीष नगर)

काढू नका, काढताना मोडतील. मार्चमध्ये फक्त फ्यूज काढून सीटखाली टेप लावून ठेवा. गाडी शक्यतो सावलीत. दिवाळीनंतर फ्यूज परत लावण्याआधी प्लग उघडून हिरवा गंज चढला आहे का तेवढं बघा.

धागाकर्ती, पुढचा शनिवार

हँडगार्ड आले, लावले. आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी निघालो. बटण दुसऱ्या आकड्यावर, कोराडीच्या पुढे धुकं लागलं तेव्हा तिसऱ्यावर. जाम सावळीला थांबून मारुतीचं दर्शन घेतलं. तिथे हातमोजे काढून दिव्याखाली बोटं बघितली. दहाही नखं गुलाबी होती. सिल्लेवानीतल्या त्याच वळणावर रेस सोडली आणि गाडी सोडल्याबरोबर मंदावली.