केमॅलॉकची (कर्नलमध्ये मेमरी मागणाऱ्या फंक्शनची) ओळ नीट कशी लिहायची? (भरती-ओहोटी सेन्सरचा ड्रायव्हर)

खाडीकाठ (रत्नागिरी)
मिरकरवाडा जेट्टीवर पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. मिनिटाला १६ बाइटची एक नोंद. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून ७४५ नोंदींचा बफर. संख्या (एन) युजरकडून आयऑक्टलने (ड्रायव्हरला आज्ञा द्यायच्या सिस्टिम कॉलने) येते. सध्याची ओळ:

बफ = (स्ट्रक्ट नोंद *)केमॅलॉक(एन * साइजऑफ(स्ट्रक्ट नोंद), जीएफपी_अ‍ॅटॉमिक);

नल (रिकामा पॉइंटर) आला तर "मेमरी संपली" असं छापतो. पॅच पाठवण्याआधी काय बदलू?

सड्यावरून
कास्ट, म्हणजे केमॅलॉकच्या आधीचा (स्ट्रक्ट नोंद *), काढा आणि साइजऑफ(*बफ) लिहा. दोन्ही एकदमच करा. नुसता कास्ट काढून स्ट्रक्टचं नाव ठेवलंत, आणि उद्या तापमान हवं म्हणून बफ २४ बाइटच्या नव्या स्ट्रक्टचा केलात, तर कंपायलर चकार शब्द काढणार नाही. मागितलेले बाइट ११९२०च राहतील. मेमरीची पानं ४ केबीची असतील तर केमॅलॉक एवढ्यासाठी सलग ४ पानं देतो, १६३८४ बाइट. म्हणजे ६८२ नोंदी बिनबोभाट बसतात आणि ६८३वी शेजारच्या पानात घुसते, सेन्सर सुरू करून ११ तास २२ मिनिटांनी! टेबलावर तासभर चाचणी घेऊन हे कधीच सापडत नाही. केएसॅन (कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू असेल तर ४९७व्या नोंदीलाच ओरडतो.

वेंगुर्ल्याचा वारा
मला त्या गुणाकाराची जास्त धास्ती वाटते. ३२ बिटच्या बोर्डावर युजरने एन = २६८४३५४५७ दिलं, तर १६ने गुणून उरतात फक्त १६ बाइट. वाटप यशस्वी, पुढचं लिखाण भलतीकडे. केकॅलॉक(एन, साइजऑफ(*बफ), जीएफपी_कर्नल) वापरा: गुणाकार ओसंडला तर नल मिळतो. शिवाय मेमरी शून्य होऊन येते, त्यामुळे कर्नलचा जुना डेटा युजरकडे जात नाही. एनला कमाल मर्यादा तरीही घालाच.

अ‍ॅटॉमिक कशाला? आयऑक्टल झोपू (थांबून वाट पाहू) शकतो. अ‍ॅटॉमिकला थांबून पानं मोकळी करता येत नाहीत, वर राखीव साठ्याला हात लागतो. मेमरीचे तुकडे झाले असतील तर सलग ४ पानं मिळणं कठीणच. जिथे झोपता येत नाही, म्हणजे इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरलेला असताना, ते ठीक. तिथेही जमत असेल तर लॉक घेण्याआधीच वाटप उरका.

छपाईची ओळ उडवा. अपयश आलं की कर्नल स्वतःच स्टॅक डंप टाकतो. तुम्ही उणे ईनोमेम (मेमरी नाही, हा एरर कोड) परत करा, बस.

खाडीकाठ
मग डेव्हएम_केकॅलॉक (आपोआप मोकळी होणारी मेमरी देणारा) घेतला तर केफ्रीची (मेमरी परत करणाऱ्या फंक्शनची) कटकटच नको ना?

सड्यावरून
प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना) चालेल, इथे नाही. ती मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटल्यावरच मोकळी होते, म्हणजे दर आयऑक्टलला आणखी एक बफर साठत जाईल. नवा बफर मिळाल्यावर लॉकखाली पॉइंटर बदला, लॉक सोडा, मग जुन्यावर केफ्री. पहिल्या वेळी जुना नल असेल. केफ्रीला नल चालतो, त्यासाठी वेगळी इफ नको.