बुसियातल्या जंताच्या गोळ्या आणि आपली 'गिनीपिग' ओरड

पाटावरवंटा (धागाकर्ता)
परवा एका ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली आणि दहा जणांनी 'कटू सत्य' म्हणून पुढे ढकललीसुद्धा. सार एवढंच की अमेरिकेतले प्रोफेसर आफ्रिकेत जातात, गरीब पोरांचे दोन ढीग करतात, एका ढिगाला औषध, दुसऱ्याला ठेंगा, मग पेपर छापतात, नोबेल घेतात आणि पोरं आहेत तिथेच. पुरावा म्हणून केनियातल्या बुसियाचं नाव. गप्प बसणार होतो पण खाली आमच्याच एका मित्राने 'गिनीपिग!!' असं लिहिलं तेव्हा राहवलं नाही.

अहो, काय झालं ते तरी आधी बघा. १९९८ साल, ७५ प्राथमिक शाळा, तीस हजारांवर मुलं. ज्यांची तपासणी केली त्यातल्या ९२ टक्के मुलांच्या पोटात कसला ना कसला जंत. सगळीकडे एकदम जायला ना पैसा होता ना माणसं, म्हणून २५-२५ शाळांचे तीन गट केले. पहिल्या गटाला ९८ ला गोळ्या, दुसऱ्याला ९९ ला, तिसऱ्याला २००१ ला. म्हणजे ठेंगा कुणालाच नाही, नंबर लावला. आपल्याकडे टँकर आला की आधी कुणाची विहीर भरते ते सांगायला नको, त्यापेक्षा हा नंबर बरा की. मुलांची गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने घटली. परीक्षेचे मार्क मात्र जराही वाढले नाहीत आणि हा अभ्यास करणाऱ्या मिगेल-क्रेमर या अर्थतज्ज्ञ जोडीने तेही त्याच पेपरात लिहिलं. थापा मारायच्या असत्या तर ते लपवलं नसतं का?

कडूलिंब
वा, नंबर! तिसऱ्या गटातलं पोर तीन वर्षं पोटात जंत घेऊन फिरलं, त्याला सांगा जाऊन की बाळा तू रांगेत होतास. गोळी किती स्वस्त आहे ते तुम्हालाही माहिती आहे. पैसा नव्हता म्हणे. मोजणी करायला, गट पाडायला, विमानाची तिकिटं काढायला बरा होता.

आणि बुसिया राहू दे, नैरोबीचं बोला की. कायोले-सोवेटो वस्ती. पाण्याचं बिल थकवलेल्या घरमालकांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे काही निवडले, नोटीस दिली, तरी पैसे आले नाहीत तर पाणी तोडलं. नळाखाली हंडा लावून बसणार ते भाडेकरू, त्यांना कुणी विचारलं? जागतिक बँकेचे लोक होते त्यात. २०२० ला पेपर बाहेर आला तेव्हा जगभर बोंब झाली आणि मग ते खुलासे देत बसले. वसुली वाढली म्हणे. वाढणारच, तहान लागली की माणूस कर्ज काढून पैसे भरतो.

डॉक्टर_रजेवर
दोघेही थांबा जरा. गोळ्यांचा तो निकाल काही दगडावरची रेघ नाही. २०१५ ला लंडनच्या संशोधकांनी तोच डेटा घेऊन परत गणित केलं, तेव्हा जंत कमी पसरल्याने शेजारच्या शाळांनाही झालेल्या फायद्याच्या हिशोबात चुका निघाल्या आणि दोन गट इतके कडाकडा भांडले की त्या भांडणालाच जंतयुद्ध असं नाव पडलं. सगळे अभ्यास एकत्र तपासणारे कॉक्रेनवाले तर म्हणतात की सरसकट गोळ्या वाटून वजन, रक्त, हजेरी यात मोठा फरक पडत नाही. दुसरीकडे २०२१ ला त्याच मुलांचा वीस वर्षांनंतरचा पाठपुरावा आला, ज्यांना गोळ्या जास्त वर्षं मिळाल्या त्यांचा खर्च १४ टक्के आणि तासाची कमाई १३ टक्के जास्त. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा, मी रजेवर आहे.

किसुमूकर
मी सहा वर्षं पश्चिम केनियात साखर कारखान्यात होतो, त्यामुळे थोडं बोलतो. बुसिया म्हणजे युगांडाच्या हद्दीवरचं गाव, सीमा ओलांडायला सायकलवाले 'बॉर्डर-बॉर्डर' ओरडायचे त्याचंच बोडा-बोडा (तिकडची दुचाकी टॅक्सी) झालं असं तिथले लोक सांगतात. पाऊस पडला की लाल चिखल, त्यातून अनवाणी पोरं, वर मात्र शाळेचा लोकरीचा स्वेटर. ९८ ला अल निनोचा धो धो पाऊस झाला होता, त्या पुराने जंतांचं प्रमाण आणखी वाढलं. माती ओली आणि संडास नाही, मग जंत हटणार कसा. गोळी घेतली तरी काही महिन्यांत परत, कारण चिखल तोच.

व्हिक्टोरिया तलावात पोहायची हौस मीही केली आहे. पाणी स्वच्छ दिसतं हो. दोन महिन्यांनी पोटदुखी आणि ताप, किसुमूच्या डॉक्टरने नुसतं विचारलं "तलावात उतरला होतात का" आणि हसला. गोगलगाईतून येणारा परजीवी, प्रॅझिक्वांटेलच्या गोळ्या घेतल्या, दिवसभर डोकं गरगरत होतं. तिथल्या पोरांना ते रोजचंच, आंघोळ तिथे, मासे तिथे, पाणी भरायचं तिथे. त्यामुळे 'प्रयोग' शब्द ऐकून इथे कुणी चिडलं की मला त्या डॉक्टरचं हसू आठवतं.

एक गोष्ट कडूलिंबांच्या बाजूचीही सांगतो. नंतर त्याच मिगेल-क्रेमर लोकांनी काही शाळांत गोळ्यांना थोडे पैसे घेऊन बघितलं, 'फुकट नको, लोकांना किंमत कळू दे' हे पालुपद तिथेही आहेच. गोळी घेणारी मुलं ७५ टक्क्यांवरून १९ वर आली. आईबापांना किंमत कळत होती, खिसा रिकामा होता.

झेडपी_मास्तर
जंत सोडा, त्याच भागात पुस्तकांचा जो प्रयोग झाला त्यावर कुणी बोलत नाही. शाळांना सरकारी पाठ्यपुस्तकं फुकट वाटली. सरासरी पोराला शून्य फायदा, वर्गातल्या पहिल्या काही हुशार मुलांनाच झाला. का? पुस्तकं इंग्रजीत! पोराच्या घरात लुह्या किंवा तेसो, बाजारात स्वाहिली, इंग्रजी तिसरी. हे वाचून मी दिवसभर हसत होतो, कारण आमच्या गावात हे सगळे रोज करतात आणि त्याला कुणी नोबेल देत नाही. पटावर ४१, समोर १९, बाकीचे पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तालुक्याला इंग्रजी माध्यमात.

दोन_पोरांची_आई
मास्तर, आलात का तुमच्या गाडीवर. धागा आफ्रिकेचा आहे. व्हॅनमध्ये बसणाऱ्यांतली एक माझी मुलगी आहे. तुमच्या शाळेत पाठवली असती तर तिला शिकवायला मास्तर वर्गात होता की मतदारयाद्या करत होता?

झेडपी_मास्तर
मतदारयाद्या मी हौसेने करतो वाटतं? याद्या, सर्व्हे, तांदळाचा हिशोब, रोज नवीन ॲप. परवा जंतनाशक दिन होता, तो आपल्याकडे २०१५ पासून आहे. गोळी चावून खायची, पण एका पोराने गालात धरली आणि मैदानात जाऊन थुंकली. मी ती पांढरी गोळी गवतात शोधत होतो आणि ॲपवर शंभर टक्के टिक झालेलं होतं. म्हणून त्या बुसियाच्या लोकांचं एक मला आवडलं, हजेरी रजिस्टर बघून मोजली नाही, न सांगता वर्गात जाऊन डोकी मोजली. आमच्याकडे असं कुणी आलं तर अर्धं रजिस्टर उघडं पडेल, माझंही.

दोन_पोरांची_आई
हे मान्य. पण इंग्रजीवर नाही. तुमची स्वतःची मुलं कुठे शिकली ते सांगा आधी.

झेडपी_मास्तर
मोठा मराठी. धाकटी सेमी. बोला.

दोन_पोरांची_आई
धाकटी सेमी. बास, माझं बोलणं संपलं 😄

झेडपी_मास्तर
सेमी म्हणजे काय पाप नाही! आणि ताई, मुद्दा भाषेचा पण नाही, मुद्दा पोर आहे तिथून शिकवण्याचा आहे. मुंबईत 'प्रथम' या संस्थेने वाचता न येणारी पोरं वेगळी बसवून त्यांच्या पातळीवरून शिकवली, आता तीच पद्धत झांबियाच्या सरकारने शाळांमध्ये आणली. इथून तिकडे गेलेली गोष्ट आहे आणि आमच्या तालुक्यात अजून पाठ्यक्रम पूर्ण झाला का एवढंच विचारतात.

पाटावरवंटा (धागाकर्ता)
कृपया मूळ विषयावर या. कडूलिंब, गडचिरोलीचं काय म्हणणं आहे? बंग पतिपत्नींनी ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणारं काम केलं, तुलनेला ४७ गावं ठेवली. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, तिसऱ्या वर्षात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. तुमच्या हिशोबाने ४७ गावांना ठेंगाच की. त्यांना कधी गिनीपिगवाले म्हणालात?

कडूलिंब
बंगांचं नाव घेऊन कुणाला गप्प करणार असाल तर चुकलात. ते तिथे राहतात. संध्याकाळी ज्या वाटेने घरी जातात तिथे त्या ४७ गावांतली बाई त्यांना गाठून जाब विचारू शकते. अमेरिकेतल्या प्रोफेसरला बुसियाची आई कुठे गाठणार?

पाटावरवंटा (धागाकर्ता)
क्रेमर कॉलेज संपल्यावर वर्षभर पश्चिम केनियात शाळेत शिकवत होता, तिथूनच सगळं सुरू झालं. आणि ९९ पासून प्रत्येक पालकाची लेखी सही घ्यायची असं केनियाच्या आरोग्य खात्याने सांगितलं तेव्हा घेतली, गोळी घेणाऱ्यांचा आकडा खाली आला तरी.

कडूलिंब
म्हणजे पहिल्या वर्षी प्रत्येकाची सही नव्हती. हेच तर म्हणत होतो. आणि तेरा वर्षांच्या आणि त्यावरच्या मुलींना गोळी नाही हा नियम होता, गरोदर असतील तर धोका म्हणून. ज्यांचं पोट सगळ्यात जास्त सांभाळायला हवं त्याच बाहेर.

डॉक्टर_रजेवर
त्या काळी त्या औषधाबद्दल ती काळजी होती, त्याचा कट करू नका. उद्या उलट झालं असतं तर तुम्हीच 'गरोदर मुलींवर प्रयोग' म्हणून धागा काढला असता.

कडूलिंब
काढला असता. बरं, गोळ्यांच्या बाबतीत पोस्ट लिहिणाऱ्याने अतिशयोक्ती केली हे कबूल, ठेंगा नव्हता, उशीर होता. पाण्याचं मात्र एक अक्षर मागे घेत नाही.

पाटावरवंटा (धागाकर्ता)
पाण्याचं मी कधी समर्थन केलं दाखवा.

किसुमूकर
मास्तर, सेमीत गणित इंग्रजीत असतं ना? भाचीसाठी विचारतोय.