प्रति: आयएल-२ एवढ्या लवकर का घसरतो?

आयएल-२ म्हणजे टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) जाग्या झाल्या की सोडतात ते संदेश-प्रोटीन. ‘पेशी जाग्या केल्यावर सहा तासांनी आयएल-२चा आरएनए भरपूर, २४ तासांनी पडला, म्हणजे टी-पेशी थकल्या’ हा मूळ प्रश्नातला निष्कर्ष घाईचा आहे. त्या आरएनएच्या शेपटाकडच्या भागात एयू-बहुल पट्टे (ए आणि यू ही अक्षरं जास्त असलेले तुकडे) असतात, म्हणून तो मुळातच लवकर तुटतो. सीडी२८चा (टी-पेशीवरच्या, जागं व्हायला मदत करणाऱ्या ग्राहीचा) इशारा मिळाला तर जरा जास्त टिकतो. प्रोटीन मात्र माध्यमात साठत जातं (आणि सीडी२५, म्हणजे आयएल-२ पकडणाऱ्या ग्राहीचा भाग, पेशीवर वाढला की पेशी तेच प्रोटीन पिऊनही टाकतात).

पण खरी गोम भाजकात, म्हणजे आकडे ज्याने भागतात त्या संदर्भ-जीनमध्ये आहे. आकडे जीएपीडीएचने (ग्लायकोलिसिसमधल्या एका एन्झाइमच्या जीनने) भागलेत ना? पेशी जागी झाली की ग्लायकोलिसिस (साखर मोडून ऊर्जा मिळवणं) वाढतं, सोबत जीएपीडीएचही. पेशी फुगते, एकूण आरएनएही वाढतो. मग न हललेला जीनसुद्धा घसरलेला दिसणारच. बीटा-अ‍ॅक्टिन या दुसऱ्या नेहमीच्या संदर्भ-जीनवरही भरवसा नको. प्रत्येक वेळी पेशी मोजा, लायसिस बफरमध्येच (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) दर पेशीमागे ठरावीक प्रमाणात बाहेरचा आरएनए घाला आणि त्याच्याशी ताडून बघा. मोजण्याआधी पिपेटने हळुवार वर-खाली करून पेशींच्या गुठळ्या मोडा. पेशी जाग्या करायला चुंबकीय बीड्स (बारीक मणी) वापरल्या असतील आणि त्या चुंबकाने घाईत काढल्या तर त्यांना घट्ट चिकटलेल्या, म्हणजे नेमक्या सक्रिय झालेल्या पेशीच हातच्या जातात.