मदत हवी आहे: आर्थरचे घोडेस्वार खरे कोण?

मंडळी, ब्रिटनच्या दंतकथांमधल्या आर्थर राजाच्या चिलखती सरदारांमागे खरं काय होतं, ते शोधतोय. इ.स. 175 मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने 5,500 सार्मेशियन (पूर्व युरोपातल्या गवताळ मैदानांवरचे भटके लोक) घोडेस्वार ब्रिटनला धाडले, असं रोमन इतिहासकार कॅशियस डिओ लिहितो. इंग्लंडमधल्या चेस्टरला अशाच एका स्वाराची मानली जाणारी थडग्यावरची शिळा आहे. डोक्यावर उंच टोपी, दोन्ही हातांनी उंच धरलेलं ड्रॅगनचं निशाण! फोटो पाहूनच अंगावर काटा आला.

आर्थरच्या सरदारांचं मूळ हेच स्वार, असं काही जण मानतात. पण आर्थरचा काळ त्यानंतर तीनेकशे वर्षांनी. इतक्या पिढ्या ती घोडदळाची परंपरा टिकली असेल? मला जरा ओढूनताणून वाटतं. शिवाय तेव्हा तिथे पाय अडकवायची रिकीब नव्हती. मग भाला मारताना स्वार खोगिरावर टिकायचा कसा? घोड्यावर बसणाऱ्यांनी, पुरातत्त्व शिकलेल्यांनी कृपया सांगा. त्या काळच्या घोड्यांच्या सांगाड्यांविषयी काही वाचलं असेल तर तेही कळवा.